वाचकांचे प्रश्न : क्रिलच्या गोळ्या आणि माशाच्या कानातला खडा

ताई, मुलगा न्यूझीलंडहून येताना क्रिल तेलाच्या गोळ्या घेऊन आला. गुडघ्यांना बऱ्या म्हणतो. पण क्रिल म्हणजे पेंग्विनचं खाणं असं मी वाचलं होतं. रोज सकाळी गोळी घेताना वाटतं, मी कुणाच्या तोंडचा घास तर काढत नाही ना?
— एक वाचक, पुणे (वय 68)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गोळी गिळताना पेंग्विन आठवावा, याचं मला फार बरं वाटलं.

क्रिल दिसायला आपल्या कोळंबीसारखा, पण जात वेगळी. फार तर 6 सेंटिमीटर लांब. दक्षिण महासागरात त्याचे थवे एवढे दाट असतात की पाणी लालसर दिसतं. देवमासे, सील, पेंग्विन, मासे, सगळे त्याच्यावर जगतात. म्हणून तिथला नियम आपल्या नेहमीच्या मासेमारीपेक्षा वेगळा केला आहे. एरवी एखाद्या माशाचा मूळ साठा निम्म्यावर आला तरी शास्त्रज्ञ चालवून घेतात. क्रिलच्या बाबतीत मात्र मासेमारी चालू ठेवूनही 75 टक्के साठा समुद्रातच राहिला पाहिजे, असं ठरलं. हा आकडा कुठून आला? नुसता माणसांचा विचार केला तर 50, नुसता पेंग्विन-देवमाशांचा केला तर 100, आणि त्या दोहोंच्या मध्यावर 75. माझ्या सगळ्या नोकरीत इतका सरळ मनाचा आकडा मी दुसरा पाहिला नाही.

म्हणजे तुमच्या एका गोळीने पेंग्विन उपाशी राहत नाही. अटलांटिकच्या बाजूच्या पट्ट्यात 2019 मध्ये जहाजांनी ध्वनिलहरी सोडून क्रिल मोजला, तो भरला सुमारे 6 कोटी 26 लाख टन. तिथे वर्षाला 6 लाख 20 हजार टनांवर पकड थांबवतात, म्हणजे जेमतेम शंभरातला एक हिस्सा.

काळजी आहे ती वेगळीच. पकड किती यापेक्षा ती कुठून होते, हे महत्त्वाचं. पिल्लं वाढवणारा पेंग्विन घरट्यापासून फार लांब जाऊ शकत नाही, आणि जहाजांनाही नेमका तोच किनारा आवडतो, कारण क्रिल तिथेच दाट. म्हणून अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या भागाला 1 लाख 55 हजार टनांची वेगळी मर्यादा होती. तिथली पकड ठरवणाऱ्या देशांच्या आयोगाच्या 2024 च्या बैठकीत तिची मुदत वाढवण्यावर सगळ्या देशांचं एकमत झालं नाही आणि ती मर्यादा गेली. पुढच्याच हंगामात, 2025 च्या ऑगस्टमध्ये, पूर्ण 6 लाख 20 हजारांचा आकडा गाठला गेला आणि मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली. असं याआधी कधीच झालं नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर गुडघ्यांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. आणि मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आणा. ज्या तेलासाठी क्रिल धरतात, ते या दोघांतही भरपूर असतं.

ताई, हर्णैला आमची बोट आहे. अंटार्क्टिकात तर कुठल्याच देशाचं राज्य नाही. मग तिथे किती मासे धरायचे हे कोण ठरवतं? आणि एवढ्या खोल पाण्यातले मासे मोजतात कसे? आमच्याकडचे आकडे तर आम्हाला कधीच पटत नाहीत.
— एक वाचक, हर्णै (वय 24)

आकडे पटत नाहीत म्हणालास ते खरं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा पहाटे ससून डॉकवर फळी घेऊन मासे मोजत बसायचे. टोपली समोर ठेवताना मावशी म्हणायच्या, "बाय, तू मोजून मासा वाढणार हाय का?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. तुला मात्र देते.

ठरवतो तो 1982 पासून लागू असलेल्या कराराखाली नेमलेला आयोग. त्याचं कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आहे. आपला भारतही सदस्य आहे. दरवर्षी तिथे आधी शास्त्रज्ञ बसतात आणि मग देशांचे प्रतिनिधी. निर्णय एकमताने, एकाने नाही म्हटलं की अडलं. रॉस समुद्रातलं 15 लाख 50 हजार चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र असं वर्षानुवर्षं अडून 2016 मध्ये मंजूर झालं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या राखीव क्षेत्रांना भारताने 2021 मध्ये पाठिंबा दिला, पण रशिया आणि चीन अजून तयार नाहीत.

हा करार व्हायला कारण होतं. 1969 च्या सुमारास सोव्हिएत जहाजं साउथ जॉर्जिया बेटाजवळ ठिपक्यांच्या रॉककॉड माशावर तुटून पडली. दोन हंगामांत सुमारे 5 लाख टन मासा उचलला, आणि पुढची कित्येक दशकं तो वर आला नाही. मोजणी नंतर सुरू झाली. आधी मोजायचं आणि मग जाळं टाकायचं, ही रीत तिथे एवढं गमावल्यावर आली.

आता मोजतात कसे ते. तिथला मोठा मासा म्हणजे टूथफिश. हजार-दीड हजार मीटर खोल पाण्यातला, पुरुषभर उंचीचा, 50 वर्षांपर्यंत जगणारा. रॉस समुद्रात दर टन पकडीमागे एक जिवंत टूथफिश खुणेची चिठ्ठी टोचून परत सोडावा लागतो. चिठ्ठ्या दोन टोचतात, एक गळाली तरी दुसरी राहावी म्हणून. डबाभर पांढऱ्या वालांत शंभर लाल वाल मिसळ आणि मग मूठ भरून काढ. मुठीत लाल किती आले यावरून डब्यात एकूण किती हे सांगता येतं. तसंच हे. प्रत्येक बोटीवर निरीक्षक असतो, तो चिठ्ठीवाला मासा आला की नोंद करतो.

तू विचारशील, इतक्या खोलातून वर आणलेला मासा जगतो कसा? घोळ वर येते तेव्हा तिच्या पोटातली हवेची पिशवी फुगून टम्म होते, तू पाहिलं असशील. टूथफिशला ही पिशवीच नाही, म्हणून तो परत सोडला तर खाली जातो आणि जगतो.

वय कळतं कानातल्या खड्यावरून. झाडाच्या खोडासारखी त्यात कडी पडतात. ती मोजल्यावर कळलं की रॉस समुद्रातली मादी 16-17 वर्षांची झाल्यावर कुठे अंडी घालू लागते. म्हणजे आज आपण काढलेली मादी भरून यायला सोळा-सतरा वर्षं जायची. म्हणून टूथफिशचा हिशेब एका हंगामाचा नसतो. पुढच्या 35 वर्षांनंतरही अंडी घालणारे मासे मूळच्या निम्मे राहतील, एवढीच पकड ठरवतात.

मासे खाणाऱ्यांवरही नजर असते, हे मला सगळ्यात आवडतं. अंटार्क्टिकातल्या मॉसन या ऑस्ट्रेलियन संशोधन तळाजवळच्या बेशर्वेझ बेटावर तिथल्या लोकांनी अॅडेली पेंग्विनच्या वाटेतच वजनकाटा बसवलाय. समुद्रावर जाताना पक्षी त्यावरून चालतो, पोट भरून येतानाही चालतो. दोन वजनांतला फरक म्हणजे पिल्लाला आणलेला डबा. तो हलका होत गेला, फेरी लांबत गेली, की शास्त्रज्ञ सावध होतात.

आता तुझं काम. पुढच्या वेळी मोठी घोळ किंवा ढोमा आला की डोक्यातून दोन पांढरे खडे काढ. घोळीचे चांगले ठसठशीत असतात. एक मधोमध मोड, तुटलेली बाजू मेणबत्तीवर किंचित तपकिरी होईपर्यंत धर, मग तेलाचा थेंब लावून भिंगाखाली बघ. आपल्या गरम पाण्यात कडी तिथल्याइतकी स्वच्छ उमटत नाहीत, तेव्हा दोन-तीनदा मोज आणि वडिलांनाही मोजायला लाव. दोघांचे आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहून कळव. माशाची लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत घे, आणि कुठल्या तारखेला, किती वाव पाण्यात मिळाला तेही लिही.