लॅब्रॅडॉरच्या खाजेसाठी मुलीच्या फीची एफडी मोडू का?

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आहे. घरचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा. दोन वर्षांपासून खाज, पंजे चाटून लाल, कान सारखे चिघळलेले. दर दीड-दोन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. आता कुणी सुचवलंय की मुंबईला जाऊन रक्तातून ॲलर्जीची तपासणी करा. प्रवासासकट २८,००० रुपये, पुढे गोळ्यांचे महिना ४,५००. घरखर्च भागून महिन्याला ६,००० उरतात. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी आठ महिन्यांनी पिकते. ती मोडावी का?

ताई, मोडू नका. २८,००० चा आकडा मोठा दिसतो, पण खरा प्रश्न ४,५०० चा आहे. वर्षाचे ५४,००० होतात. कुत्रा अजून सात वर्षं जगेल असं धरलं, तर ३,७८,०००. जन्मजात ॲलर्जीचा कल असलेल्या कुत्र्यांची खाज आटोक्यात ठेवता येते, कायमची जात नाही. म्हणून हा खर्च दुधाच्या रतिबासारखा महिन्याच्या मिळकतीतूनच भागला पाहिजे. एफडीतून सुरू केलात, तर अडीच-तीन वर्षांत ती संपेल आणि खाज तिथंच असेल.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही ॲलर्जी रक्ताच्या तपासणीवरून ठरत नाही. पिसवा, खरजेचे किडे, यीस्ट, जंतुसंसर्ग आणि खाण्याची ॲलर्जी ही कारणं एकेक करून वगळल्यावर ती ठरते. रक्ततपासणीचा उपयोग पुढे ॲलर्जीची लस बनवायची असेल तेव्हा, आणि खाण्याच्या ॲलर्जीसाठी तर ती भरवशाची नाहीच. त्वचा खरवडून आणि कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, हे काम जवळचे पशुवैद्यही करू शकतात. त्याला मुंबईइतका पैसा लागत नाही. आधी हे झालंय का, ते विचारा.

मग पिसवांचं औषध सलग, घरातल्या प्रत्येक जनावराला. आपल्याकडच्या उष्ण हवेत त्यात खंड पडून चालत नाही. त्यानंतर डॉक्टर ठरवतील तोच आहार किमान आठ आठवडे. या काळात कळण्याच्या भाकरीचा तुकडा नाही, बिस्कीट नाही, दूध नाही. घरातल्या आजी-आजोबांना हे पटवणं सगळ्यात अवघड, पण एका तुकड्यानेही महिनाभराची मेहनत वाया जाते.

स्टेरॉइडचं इंजेक्शन स्वस्त वाटतं. थोड्या दिवसांसाठी ते योग्यही असतं, पण वर्षानुवर्षं घेतल्यास वजन वाढतं, त्वचा पातळ होते, मधुमेहाचा धोकाही असतो. त्यात खाजेच्या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. लॅब्रॅडॉर जाड असेल, तर डॉक्टरांना विचारून वजन उतरवा. औषधाचं बिलही उतरू शकतं.

पाळीव प्राण्यांचा विमा आत्ता घेऊन या आजाराला उपयोग नाही. आधीपासून असलेला आजार विमा कंपन्या सहसा वगळतात.

या महिन्यापासून ३,००० चं आवर्ती ठेवीचं खातं (आरडी) कुत्र्याच्या खर्चासाठी वेगळं उघडा, तेही बँकेत. पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देईल, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जळगाव जिल्ह्यात अडकलेल्या ठेवींसाठी हेलपाटे घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मध्येच मोठा खर्च आला, तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं आणि मुलीची रक्कम शाबूत राहते.

तीन महिने खाज, कान आणि वजन यांची वहीत नोंद ठेवा. एवढं करूनही गोळ्या लागल्याच, तर तेव्हा साठलेले पैसे हाताशी असतील आणि ४,५०० मिळकतीतूनच देता येतील.