वाचकांचे प्रश्न: तळघरात दुकानं काढताना

प्रश्न: निपाणीत आमच्या जुन्या तंबाखू वखारीखाली दगडी कमानीचं तळघर आहे. लांबी ६० फूट, रुंदी १२, कमानीच्या मध्यावर उंची ९ फूट. जिना एकच. लंडनमधली महायुद्धकाळातली भुयारं पर्यटकांसाठी खुली होणार असं वाचलं. इथे १० दुकानं आणि चहा-भजीचा गाळा निघेल का?

उत्तर: निघेल, पण १० नव्हे, ६. दोन्ही टोकांना १०-१० फूट मोकळं सोडा, एकाच भिंतीला लागून ५ फूट आत जाणारे गाळे घ्या आणि समोर ७ फुटांची वाट ठेवा. लंडनची ती भुयारं हाय होबर्नखाली सुमारे ३० मीटर खोल आहेत. आधी हवाई हल्ल्यातल्या आसऱ्यासाठी खणलेली, मग टेलिफोन एक्स्चेंज, आणि २०२४ मध्ये नव्या वापराला परवानगी. तुमचं काम त्यामानाने उथळ, तरी प्रश्न तेच: सुटकेची वाट, हवा आणि पाणी.

सुरुवात दुसऱ्या जिन्यापासून करा. तो होत नसेल तर बेत सोडून द्या, कारण एकुलत्या जिन्यात धूर भरला की आतली माणसं अडकतात. नवं दार टोकाच्या भिंतीत काढायचं. लांबीच्या भिंतींवर कमानीचा रेटा असतो, त्या फोडल्या तर कमान फाकते. झरोक्यासाठी कमानीच्या माथ्यालाही हात लावू नका.

नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे तळघराला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या २.५ टक्के झरोके लागतात. तुमच्या ७२० चौरस फुटांना ते १८ चौरस फूट होतात. उंची सरसकट ९ फूट धरली तर आत ६,४८० घनफूट हवा आहे. ती तासाला १२ वेळा बदलायची तर मिनिटाला सुमारे १,३०० घनफूट ओढणारा पंखा हवा. एका टोकाने हवा आत घ्या, दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. दोन्ही तोंडं शेजारी ठेवली तर तीच हवा फिरत राहते.

गॅसची शेगडी खाली मुळीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तळाशी साचते, आणि कोडमध्येही तळघरातल्या गॅसच्या स्वयंपाकघराला मनाई आहे. भजी वर तळा, खाली फक्त विजेवरचा चहा.

ओलीची परीक्षा भर पावसाळ्यात घ्या. भिंतीवर २ फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या अंगाला आले तर दमट हवेतली वाफ गार दगडावर पाणी होऊन बसते आहे. अशा वेळी नुसता पंखा वाढवला की ओल वाढते, तिथे हवेतला ओलावा ओढणारं यंत्र लागतं. पाणी भिंतीतूनच येत असेल तर बाहेरून चर खणून छिद्रं असलेला ४ इंची पाइप खडीत, १०० फुटाला १ फूट उतार देऊन टाका. चराचे ४-५ फुटांचे तुकडे एकाआड एक खणा. सगळी भिंत एकदम उघडी केली तर ती बाहेर झुकते. आत ३ फुटी खड्डा, त्यात फ्लोट स्विचचे (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारे) दोन पंप ठेवा, आणि वीज गेल्यावर चालेल असा जनरेटर वर उघड्यावर ठेवा. आतून सिमेंटचा गिलावा करू नका. ओल मागे कोंडून खार फुटतो आणि पापुद्रे निघतात. १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग वाळू हे प्रमाण दगडाला मानवतं.

ई-खात्यावर (मालमत्तेच्या सरकारी नोंदीत) वापर बदलून घेणं आणि अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला, दोन्ही बांधकामाआधी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही. दुसऱ्या जिन्याची जागा ठरवताना हेही तपासा.

प्रश्न: खानापूर भागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आहे. ते उघडून ग्राहकांना दाखवता येईल का?

उत्तर: तोंडावर जाड काच आणि आत दिवा बसवून वरून दाखवा, माणूस उतरवू नका. कुजलेलं धान्य प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. साफसफाईला उतरणं भागच असेल तर ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा मारा आणि मीटरवर प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करा. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर ओढायला दोन माणसं हवीत. आतला कोसळला तर त्याच्यामागे उडी न घेता दोरानेच वर ओढा.