उवा केसांत नाहीत, कपड्यांत आहेत

प्रश्न : मी सिएटलमध्ये बेघरांच्या निवाऱ्यात मदतीला जाते. काहींच्या अंगावर उवा आढळल्या. आम्ही औषधी शाम्पू वाटला, एकाने केसही कापून घेतले. तरी उवा परत आल्याच. यातून रोग पसरतात का? – एक वाचक

उत्तर : पसरतात. १९९३ मध्ये तुमच्याच शहरात दहा रुग्णांच्या रक्तात ‘बार्टोनेला क्विंटाना’ हा उवांतून पसरणारा जिवाणू सापडला होता. त्यांतले आठ जण बेघर होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक ज्या ‘ट्रेंच फीवर’ने बेजार झाले, त्याचाच हा जिवाणू.

या उवा डोक्यातल्या नव्हेत. त्या कपड्यांच्या शिवणीत राहतात, तिथेच दोऱ्यांना लिखा चिकटवतात आणि रक्त प्यायला तेवढ्या अंगावर येतात. म्हणून शाम्पूचा उपयोग झाला नाही. कपडे उलटे करून काखेची शिवण, कॉलर आणि पँटचा कमरपट्टा उजेडात बघा.

आंघोळीनंतर आतल्या कपड्यांपासून कोटापर्यंत सगळं एकदम बदलायला हवं, पांघरूणसुद्धा. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच: शर्ट नवा मिळतो, पण थंडीमुळे कोट जुनाच राहतो आणि उवा त्यातून परततात. माणसाला बदली कोट हातात दिल्याशिवाय त्याचा कोट मागू नका. काढलेले कपडे किमान ५४ अंश सेल्सिअस पाण्यात धुवा, मग ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर वाळवा. धुता न येणारं सामान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवा. एवढं नीट झालं तर अंगाला औषध लावावं लागत नाही सहसा.

हातमोजे घाला, कपडे झटकू नका. ट्रेंच फीवरचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात. खाजवल्यावर ते ओरखड्यांतून शिरतात. आणि नखावर ऊ चिरडायची आपली सवय इथे घातक आहे, कारण उवांमुळे होणाऱ्या दुसऱ्या एका, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाचे जंतू चिरडलेल्या उवेतून बाहेर पडतात.

ताप, डोकेदुखी, नडग्या ठणकणं अशी तक्रार असेल तर डॉक्टरांकडे न्या. थकवा किंवा धाप असेल तर ताप नसला तरी न्या. ट्रेंच फीवरचा जिवाणू हृदयाच्या झडपांवर बसू शकतो. उवांचा उल्लेख तुम्ही स्वतः करा. नेहमीच्या रक्त कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत) तो बऱ्याचदा दिसत नाही, अँटिबॉडी किंवा पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) चाचणी मुद्दाम मागवावी लागते. उपचार काही आठवड्यांचे असतात, त्यामुळे गोळ्या कुठे ठेवायच्या आणि रोज कोण देणार हे निवाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवावं.