घरच्या लॅबसाठी विंडोज सर्व्हरचं लायसन्स विकत घ्यावं का?

तुम्ही विद्यार्थी आहात आणि जुन्या पीसीवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (नेटवर्कवरचे युजर आणि मशीन एका जागेवरून सांभाळणारी विंडोज सर्व्हरची सोय) शिकायची आहे, एवढ्यासाठी लायसन्सवर एक रुपयाही घालू नका. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर इव्हॅल्युएशन (वापरून बघण्यासाठीची) आवृत्ती मिळते, १८० दिवस फुकट. फक्त पहिल्या १० दिवसांत इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर मशीन आपोआप बंद पडायला लागतं. मुदत संपत आली की 'रीआर्म' करून, म्हणजे मुदत पुन्हा सुरू करणारी कमांड देऊन, वाढवता येते. खरं तर दर काही महिन्यांनी सगळं पुसून नव्याने उभारा, हात त्यानेच बसतो.

एक मेख आहे: इव्हॅल्युएशनवर डोमेन कंट्रोलर (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) केलात, तर तो तसाच्या तसा पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही. लॅबला काय फरक पडतो म्हणा!

कॉलेजचा ईमेल असेल तर 'अझ्युर फॉर स्टुडंट्स' बघा; अझ्युर म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा, तिथे भाड्याने सर्व्हर चालवता येतात. क्रेडिट कार्ड न देता १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं.

व्हर्च्युअल मशीनसाठी, म्हणजे एकाच पीसीवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवण्यासाठी, प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लिनक्स शिकायचं असेल तर डेबियन टाका, लायसन्सची भानगडच नाही.

आणि ऑनलाइन पाचशे-सातशेला मिळणाऱ्या 'ओरिजिनल की'च्या नादी लागू नका. त्या बहुधा कुणाच्या तरी व्हॉल्यूम लायसन्समधल्या (कंपन्या-संस्थांना घाऊक दिलेल्या) असतात, कधीही ब्लॉक होतात.