कोपरात वाकडा राहिलेला मुलाचा हात वाढत्या वयात आपोआप सरळ होतो का?

तुम्ही लिहिलंय की सातव्या वर्षी कोपराच्या जरा वर फ्रॅक्चर झालं, प्लास्टर निघून आठ महिने झाले, हात पूर्ण वाकतो, पण सरळ केला की कोपर बाहेर आणि मनगट अंगाकडे वळलेलं दिसतं. घरचे म्हणतात, वाढीबरोबर जाईल.

नाही जाणार. माझं गेलं नाही.

मी देवगडकडचा. सहा वर्षांचा असताना गडग्यावरून हात टेकून पडलो. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कांबट्या लावून हात बांधला, वर महिनाभर मालिश. आजी म्हणायची, "वाढता आंग आसा, हात आपसूक सरळ होतलो." कवायतीत 'हात समोर' झालं की रांगेत माझाच हात वेगळा दिसायचा. विहिरीवरून कळशी आणताना तर दर पावलाला ती गुडघ्यावर आपटायची. चांगला हात कोपरात ५ ते १५ अंश बाहेर कललेला असतो, म्हणून कळशी पायापासून लांब राहते. माझा उलटा, आत.

कारण साधं आहे. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम २०. त्यामुळे कोपराशी तिरकं जुळलेलं हाड वाढीत सावरत नाही. पुढे-मागे असलेला बाक थोडाफार भरून निघतो, आतला कल मात्र तसाच राहतो.

पण घाबरू नका, घाईही नाही. बऱ्याच जणांचं यात दिसण्यापलीकडे काही अडत नाही. मीही काजूच्या झाडांवर चढलो, होडी ओढली. आता पंचेचाळिशीत खुर्चीवर हात टेकून उठताना कोपर सटकल्यासारखं होतं. बाहेरच्या बाजूचे बंध वर्षानुवर्षं ताणले गेलेत, असं डॉक्टर म्हणाले.

सरळ करायचा तर ऑपरेशनच. बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढतात आणि तारांनी किंवा प्लेटने जुळवतात. मुलांची हाडं बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे दाखवा. कोपराच्या बाहेरचा उंचवटा तुटून जुळला नसेल तर प्रकरण वेगळं: त्यात हात बाहेर कलत जातो आणि कित्येक वर्षांनी करंगळीला मुंग्या येऊ लागतात. करंगळीचं आत्ताच विचारून घ्या.

आणि मालिशवाल्याला हात लावू देऊ नका. दुखापतीनंतर कोपर जोराने रगडला तर स्नायूत हाड धरतं, मग आत्ता वाकतोय तेवढाही वाकत नाही.