छपरावरची ओली राख

प्रश्न : १९९१ साली फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाचा अंदाज आधीच आला होता, असे वाचले. मग माणसे का दगावली?

उत्तर : अंदाज खरोखरच बरोबर ठरला. सुमारे ५०० वर्षे निद्रिस्त असलेल्या या डोंगरातून एप्रिलमध्ये वाफ उसळू लागली, तेव्हा फिलिपिन्सच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी तेथे भूकंपमापक बसवले. वर सरकणाऱ्या शिलारसामुळे खडक तडकून होणारे लहान लहान धक्के आणि गंधकयुक्त वायूचे वाढलेले प्रमाण पाहून त्यांनी इशाऱ्याची पातळी चढवत नेली, आणि १५ जूनच्या महास्फोटापूर्वी हजारो कुटुंबे सुरक्षित ठिकाणी हलवली गेली. दुर्दैव असे, की नेमके त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ तेथे धडकले. ज्वालामुखीची राख (चुलीतल्या राखेशी तिचे नाते केवळ नावापुरते, ती म्हणजे खडकाचा आणि काचेचा चुराच) कोरडी असताना भुरभुरीत वाटते, पण पावसाने भिजली की कालवलेल्या सिमेंटसारखी जड होते. मृत्युमुखी पडलेल्या शेकडो लोकांपैकी बरेच जण अशा भाराने कोसळलेल्या छपरांखाली चिरडले गेले. उतारांवर साचलेली राख त्यानंतरही कित्येक पावसाळे चिखलाच्या लोंढ्यांबरोबर उतरून पायथ्याची गावे गाडत राहिली.