‘वन ऑफ माय फ्रेंड’ म्हणताना जीभ कुठे घसरते

तुझ्या अर्जात ‘वन ऑफ माय फ्रेंड’ वाचलं आणि हसू आलं, कारण मीही कित्येक वर्षं असंच लिहीत होतो. चूक कुठून येते ते सांगतो. आपल्या डोक्यात ‘माझा एक मित्र’ असतो. मित्र एकच, मग ‘फ्रेंड्स’ कशाला, असं वाटतं. पण ‘ऑफ’ म्हणजे इथे ‘पैकी’. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं मनात म्हणून बघ. ‘मित्रापैकी एक’ आपण कधी म्हणतो का? तोच अनुस्वार इंग्रजीत ‘एस’ होऊन येतो: वन ऑफ माय फ्रेंड्स. ‘वन ऑफ द बेस्ट हॉटेल्स’ तसंच.

क्रियापद मात्र त्या ‘वन’चं ऐकतं. ‘वन ऑफ द फॅन्स इज नॉट वर्किंग’. जवळ ‘फॅन्स’ दिसला म्हणून ‘आर’ लावायचा मोह होतो, तिथे जरा थांब. पुढे ‘हू’ आला की गंमत उलटते: ‘शी इज वन ऑफ दोज पीपल हू नेव्हर कम लेट’. उशिरा न येणारी ती सगळीच माणसं, म्हणून ‘कम’. इथे ‘कम्स’ लिहिणारे इंग्रजही भेटतील, पण परीक्षेत ‘कम’च लिही.

आणि भाऊ एकच असेल तर ‘वन ऑफ’ नकोच, नुसतं ‘माय ब्रदर’. मित्राची ओळख सहज बोलण्यात करून द्यायची असेल, तर मला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ जास्त आवडतं. त्यात ‘एस’ची भानगडच नाही.